रोज सकाळी ओळख विचारणारा डबा

शिंप्याच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. टेबलाखाली चिंध्या आणि टेबलावर किस्से. चिंध्या उशीत भरता येतात. किश्शांचं काय करणार? ते सांगूनच टाकावे लागतात, नाहीतर माझ्यासारख्याचं पोट दुखतं!

आमचं दुकान म्हैसुरात, मार्केटच्या मागच्या गल्लीत. मालक माझा थोरला भाऊ, अण्णा. मी धाकटा, नामदेव. अण्णा मला नाम्या म्हणतो, बाकी सगळे नामाकाका. सातवीत मास्तरांनी मला सोडलं की मी मास्तरांना, ह्यावर अजून एकमत नाही. नजर कमी झाली तशी हातातली सुई गेली. जीभ राहिली. तेव्हापासून दारातल्या स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घेणं, हाच माझा धंदा.

मागच्या कोपऱ्यात सरिता बसते. ही अण्णाची सून. तिचं भरतकामाचं मशीन कॉम्प्युटरच्या जिवावर चालतं. ती पडद्यावर चित्र काढते, मशीन ते दोऱ्यानं कापडावर भरतं. पिरियापट्टणच्या शाळेचे बिल्ले म्हणा, बेळगोळच्या कारखान्यातल्या शर्टांवरची नावं म्हणा, सगळं त्या कोपऱ्यातून निघतं. आधी ती घरी बसून आमच्या शर्टांची काज-बटणं करायची. तो कोपरा तिनं अण्णाशी भांडून मिळवलाय. आणि अण्णाशी भांडून मिळवणं म्हणजे दगडाला पाझर फोडून वर त्याच पाण्यात कॉफी करणं!

कॉम्प्युटर आणला माझ्या मुलानं, सुधीरनं. तो सॉफ्टवेअरवाला. कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेला जुना डबा उचलला, त्यात लिनक्स घातलं आणि ऐटीत म्हणाला, "बाबा, फुकट आहे, पण चांगलं आहे."

मी म्हटलं, "ह्यातलं अर्धं तुलाही लागू आहे. कुठलं अर्धं, ते तुझ्या आईला विचार!"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा कौतुकानं बघायला आला. सरितानं बटण दाबलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'स्वागत'. मग भाषा कोणती? कीबोर्ड कुठला? तुम्ही कुठे आहात हे कळलं तर चालेल का? इंटरनेटवर कुठे खातं आहे का?

अण्णा म्हणाला, "हा कोण मला विचारणारा?"

"मामंजी, नवीन आहे ना. पहिल्या दिवशी विचारतं," सरिता म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा स्वागत, पुन्हा तेच प्रश्न. चौथ्या दिवशीही तेच. आठवडा झाला तरी डब्याला आमची ओळख पटेना.

अण्णा तापला. "माझं पायाचं मशीन रोज सकाळी विचारतं का, अण्णा, तुमची भाषा कोणती? माझी कात्री विचारते का, तुम्ही कुठे राहता? काम करायला ठेवलंय की चौकशी करायला?"

मी मधे पडलो. "अण्णा, सरिताला बघायला गेलास तेव्हा तू ह्याच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारलेस. तिनं तुला घराबाहेर काढलं का?"

सरिता हसली. अण्णा नाही हसला. त्यानं सगळ्यांसमोर निकालच देऊन टाकला. आमच्याकडे सुरुवात करायचा मान अण्णाचा. नव्या ठाणाला पहिली कात्री त्याची. आयुधपूजेला सगळी हत्यारं विश्रांती घेतात आणि दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, एकेका मशीनला पहिला टाका अण्णा घालतो. मग वर्ष सुरू.

"विजयादशमीला मी ह्याच्यासमोर पण येणार," अण्णा म्हणाला. "त्या दिवशी ह्यानं एक, एक जरी प्रश्न विचारला, तर डबा बाहेर. त्या कोपऱ्यात पिको-फॉलचं मशीन बसवणार. आणि सरिता, तू घरी काज-बटणं कर. आय्तु!"

'आय्तु' म्हणजे झालं, संपलं. अण्णा एरवी मराठीत बोलतो, पण निकाल कन्नडमध्ये देतो. त्यावर अपील नसतं.

सरितानं मशीन थांबवलं. दोरा तोडून तिनं मशीनवर कापड झाकलं. झाकताना त्या कापडाची एकेक सुरकुती काढत बसली. ते बघून मलासुद्धा चेष्टा सुचेना. म्हणजे बघा!

*

मग सुरू झाला सुधीरचा फोनवरचा दवाखाना.

"वैनी, बंद करून परत लावलं का?"

"लावलं."

"सगळी पानं भरली? मधेच सोडलं नाही ना?"

"सगळी भरली रे! भाषा, कीबोर्ड, नाव, सगळं."

"शेवटपर्यंत गेलात?"

"अगदी शेवटपर्यंत!"

"मग हा बगच आहे," सुधीर म्हणाला. बग म्हणजे किडा, हे मला ठाऊक होतं. मी लगेच डब्यामागे डांबराच्या गोळ्या ठेवल्या. डबा तसाच राहिला, पण गिऱ्हाइकं दोन दिवस शिंकत होती!

एका रविवारी सुधीर स्वतः आला. सगळं पुसलं आणि लिनक्स नव्यानं घातलं. तेवढ्यात घरून निरोप आला की जेवण वाढलंय. "वैनी, आता नुसती नाव-गावाची पानं आहेत, तुम्हीच भरा," म्हणून तो पळाला. सोमवारी सकाळी डब्यानं विचारलं, भाषा कोणती?

सुधीरनं इंटरनेटवर जगभरच्या लिनक्सवाल्यांना साकडं घातलं. कुठून कुठून उत्तरं आली. सगळ्यांचा एकच सवाल, "शेवटचं बटण दाबलं होतं का?"

सुधीरला राग आला. "मला काय बालवाडीतला समजतात का हे लोक?"

मी म्हटलं, "ते तुला ओळखत नाहीत रे. मी ओळखतो, पण मी काही बोललो का?"

*

मधेच एक नवं झंझट उपटलं. स्वागत संपलं की एक छोटी खिडकी यायची आणि पासवर्ड मागायची. तो नाही दिला तर इंटरनेट उघडताना पुन्हा मागायची. सुधीरला फोन लावला. दुकान भरलेलं, सरिताच्या हातात कापड, म्हणून फोन स्पीकरवर.

"वैनी, सोपं आहे. जुना पासवर्ड घालायचा आणि नवीन रिकामा सोडायचा. मग विचारणार नाही. जुना काय ठेवला होता?"

सरिता हातातल्या कापडाची घडी घालायला लागली.

"वैनी? पासवर्ड सांगा की, मी बरोबर घालायला सांगतो."

"नंतर सांगते," सरिता हळूच म्हणाली.

अण्णा कापडावर खडूनं रेघ मारत होता. मान वर न करता म्हणाला, "सांग की! इथं कोण चोर बसलंय?"

सरितानं माझ्याकडे बघितलं. मी तिला डोळ्यांनी धीर दिला. मी धीर दिला की माणसानं सावध व्हावं, पण ती फसली.

"सिडुक मुदुक," ती म्हणाली.

म्हणजे चिडका म्हातारा!

दुकानात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आणि शिंप्याच्या दुकानात टाचण्या पडतच असतात. अण्णानं खडू खाली ठेवला.

"हा कोण?"

मी म्हटलं, "अण्णा, दुकानात म्हातारे दोघंच. त्यातला चिडका कोण, ते आपण गिऱ्हाइकांना विचारू. हात वर करा!"

चार हात वर गेले. त्यातला एक आमच्या इस्त्रीवाल्या मंजूचा होता. त्याला पगार अण्णाच देतो!

एक मात्र झालं. त्या दिवसापासून ती छोटी खिडकी बंद झाली. डब्याच्या अंगातलं निम्मं भूत उतरलं.

*

ह्या मंजूनं मग उरलेलं निम्मं उतरवायचं मनावर घेतलं. मंजू मूळचा कन्नड. आमच्यात राहून मराठी शिकला, तीही माझ्याकडून. म्हणजे शिव्या आधी आणि व्याकरण नंतर!

"काका, ह्याला दृष्ट लागली," तो म्हणाला. "एवढं चांगलं भरतकाम. गल्लीतले सगळे बघून जातात."

त्यानं लिंबू आणलं, मिरच्या आणल्या. डब्यावरून ओवाळलं आणि उंबऱ्यावर नारळ फोडला. खोबरं मी खाल्लं. दृष्टीचं खाऊ नये म्हणतात, पण मला कुणाची दृष्ट लागणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजू सगळ्यांच्या आधी आत गेला आणि ओरडतच बाहेर आला, "गेलं! काका, गेलं! आज एकपण प्रश्न नाही!"

सरिता रस्ता ओलांडत होती, ती पळतच आली. मी हलवायाकडून म्हैसूरपाक मागवला. मंजूनं तुकडा सगळ्यांच्या तोंडात घातला, अगदी अण्णाच्याही. तोंड गोड झाल्यावर अण्णा म्हणाला, "दाखव."

आत जाऊन बघतो तर पडदा काळाकुट्ट. खरंच एकही प्रश्न नव्हता.

गल्लीत करंटच नव्हता!

*

एका सकाळी सरिता चहाला गेली होती आणि डबा माझ्यासमोर एकटाच होता. भाषा कोणती, म्हणून विचारत बसलेला. मला त्याची दया आली. रोज बिचाऱ्याला तेच तेच उत्तर! सुम्ने, उगाच, मी यादीत खाली खाली गेलो आणि अक्षर छान दिसलं ती भाषा निवडली. मग बंद करून पुन्हा लावला.

सरिता आली. पडद्यावर सगळी अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी लोंबत होती. कुठे काय दाबायचं, कळायला मार्ग नाही.

"काका!!!"

"मी काय केलं? रोज कन्नडच बिचाऱ्याला, म्हणून दुसरी बघितली."

नेमकं त्याच वेळी बैलकुप्पेच्या तिबेटी मठातले एक भिक्षू त्यांच्या पताकेची भरलेली किनार न्यायला आले. मरून रंगाचं वस्त्र, पायांत स्पोर्ट्स शूज आणि कन्नड माझ्यापेक्षा शुद्ध. किनार अजून मशीनवरच होती आणि मशीन डब्यावाचून हलत नव्हतं. सरिता रडकुंडीला आली. भिक्षूंनी वाकून पडद्याकडे बघितलं.

"ही भूतानची भाषा," ते म्हणाले. "आमची नव्हे. पण अक्षरं आमचीच."

आणि त्यांनी बोट ठेवून एकेक पाटी वाचून दाखवली. इथे दाबा. आता इथे. थोड्या वेळात डबा पुन्हा कन्नडवर आला. सरितानं हात जोडले.

"हा रोज विचारतो? भाषा, गाव, नाव?" भिक्षूंनी विचारलं.

"रोज!" मी म्हटलं.

ते हसले. "आम्हालाही मठात एकच प्रश्न देतात, मी कोण. इतकी वर्षं झाली, माझं उत्तर अजून चुकतंय. तुम्ही रोज काय लिहिता?"

किनार घेऊन ते गेले. सरिता मला एक शब्द बोलली नाही. उलट दुसऱ्या दिवशी माझा धुतलेला सदरा आणून दिला. "काका, इस्त्री केलीय, घाला."

मी घातला आणि मार्केटभर हिंडलो. फुलवाली हसली, पानवाला हसला, वाटेत एक पोलीससुद्धा हसला. मला वाटलं, ह्या वयात अजून आपला चेहरा चालतो! घरी येऊन सदरा काढला. पाठीवर सुरेख निळ्या रेशमानं, कन्नडमध्ये, भरलेलं होतं, 'नंबबेडी'.

विश्वास ठेवू नका!

*

विजयादशमी अगदी दोन दिवसांवर आली. सरिताचं जेवण कमी झालं. पिको-फॉलच्या मशीनवाला येऊन कोपऱ्याची मापं घेऊन गेला. शेवटी सुधीरनं रजा टाकली आणि सकाळी येऊन सरिताच्या पाठीशी उभा राहिला.

"वैनी, मी हात लावत नाही. तुम्ही रोज जसं करता तसंच करा."

सरितानं डबा लावला. भाषा, कीबोर्ड, ठावठिकाणा, खातं. एकेक पान भराभर भरलं. शेवटचं पान आलं. 'सगळं तयार आहे', आणि खाली एकच बटण, 'प्रारंभिसी'. म्हणजे सुरू करा.

सरितानं बाण वर नेला आणि कोपऱ्यातली फुली दाबली. टक! खिडकी गेली. तिनं भरतकामाचं चित्र उघडायला घेतलं.

सुधीर किंचाळला, "वैनी! हे काय केलंत?"

"काय केलं? बंद केलं."

"ते बटण का नाही दाबलं?"

आम्ही सगळे सुधीरकडे असे बघायला लागलो, जसा काही तो देवळात चप्पल घालून आलाय. मंजूनं इस्त्री उभी केली आणि समजावून सांगितलं, "सुधीर, सुरू करणं अण्णांचं असतं."

"रोज फुली दाबता?"

"मग? पहिल्या दिवशी मामंजींना म्हटलं होतं, तुम्ही दाबा. ते म्हणाले, मी ह्या डब्याला हात लावणार नाही. मग मी कसं दाबू?"

सुधीर तिथंच कापडाच्या गठ्ठ्यावर बसला. "अहो, ते बटण दाबल्याशिवाय त्याला कळतच नाही की तयारी संपली. म्हणून ते रोज पहिल्यापासून विचारतं! सरका, मी दाबतो. एका सेकंदाचं काम आहे."

सरितानं त्याच्या हातावर फूटपट्टी मारली. अगदी तशी, जशी अण्णा आम्हाला मारायचा.

"हात लावायचा नाही!"

"अहो वैनी, तुमचा कोपरा जाईल!"

"जाईल तर जाईल. त्यांचा मान चोरून घेतलेला कोपरा मला नको."

मला एक सांगा, अशा बाईची चेष्टा कशी करायची? मी बराच वेळ विचार केला. शेवटी सुधीरचीच केली.

*

विजयादशमी. आदल्या दिवशीची शेवंती अजून मशिनांवर होती. उंबऱ्यासमोर फोडलेल्या कोहळ्याचं कुंकू रस्त्यावर तसंच. अण्णा नवीन धोतर नेसून आला. एकेका मशीनसमोर बसला, चाकाला हात लावला, पहिला टाका घातला. पायाचं मशीन झालं, काजाचं झालं, मंजूच्या इस्त्रीलाही कुंकू झालं. मग मागच्या कोपऱ्याकडे वळला.

डब्यावर झेंडूची माळ. पडद्यावर रेशमी रुमाल. सरिता बाजूला उभी.

"मामंजी, मी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "आज सकाळीही ह्यानं मला सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. आता एकच काम राहिलंय. ते कुणाचं, तुम्हीच वाचा."

तिनं रुमाल काढला.

अण्णानं चष्मा पुसला. एकेक अक्षर लावत वाचलं, "प्रा...रं...भि...सी."

मग वाकून पुन्हा एकदा वाचलं.

"हे रोज येत होतं?"

"रोज."

"आणि तू दाबत नव्हतीस?"

"तुमचं काम मी कसं करू?"

अण्णानं आमच्याकडे बघितलं. मंजू इस्त्रीच्या वायरचा अभ्यास करत होता. सुधीर छताकडे. मी अण्णाकडेच बघत होतो, कारण असा चेहरा मी त्याचा कधी बघितला नव्हता. तो सोडून कोण दुसरीकडे बघेल!

अण्णानं कुंकवाचं बोट सरळ पडद्यावरच्या बटणावर ठेवलं. दाबलं. काही नाही. आणखी जोरात दाबलं. नुसता लाल ठिपका. सरितानं हळूच माऊस त्याच्या तळहाताखाली सरकवला आणि वर आपला हात ठेवला. नव्या पोराला कात्री धरायला शिकवताना अण्णा ठेवतो ना, तसा.

टक.

खिडकी गेली.

"बंद कर," अण्णा म्हणाला. "परत लाव."

सरितानं बंद केला. लावला. पडदा काळा. गोल फिरतंय, फिरतंय. मंजूनं डोळे मिटले. सुधीर ओठातल्या ओठात कुठल्या तरी देवाला हाक मारत होता. त्याचा देव आहे हे मला त्या दिवशी कळलं. आणि मग सरळ, स्वच्छ पडदा! ना स्वागत, ना भाषा, ना गाव, ना नाव. फक्त सरितानं काढलेलं कमळाचं चित्र. तिनं ते मशीनला पाठवलं. सुई खडखडत धावली आणि पांढऱ्या कापडावर पहिली पाकळी उमटली. मंजूनं शिट्टी मारली, सुधीर टाळ्या पिटायला लागला, गल्लीतली माणसं दारात जमली.

अण्णा मात्र गप्प. हाताची घडी घालून पडद्याकडे बघत उभा. आता हो म्हणेल, मग म्हणेल. पण तोंड उघडेल तर शपथ!

मला राहवेना. मी म्हटलं, "काय अण्णा, डबा राहणार की जाणार?"

अण्णा सावकाश माझ्याकडे वळला.

"डब्यानं मला आज एकही प्रश्न विचारला नाही," तो म्हणाला. "दुकानात आज पहिला प्रश्न विचारलास तू. मंजू, ह्याचं स्टूल बाहेर काढ. आय्तु!"

आणि तो गद्धा मंजू, स्टूल डोक्यावर घेऊन दारापर्यंत पोचलासुद्धा!